गारगोटी की हत्यार?

श्रोतेहो, सुताराच्या दारात उभे राहिले, की वाकस कोणता आणि पटाशी कोणती हे गावातले पोरसुद्धा सांगेल. पण तो सुतार, त्याचे घर, त्याचे गाव सारे मातीआड झाले आणि तीन हजार वर्षांनी कोणाच्या हाती नुसती पटाशी लागली, तर तो तिला काय म्हणेल?

हा प्रश्न आपल्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातच उभा राहिला होता. प्रवरेकाठचे नेवासे ज्ञानेश्वरांमुळे आपणा सर्वांना ठाऊक आहे. तेथे १९५४ ते १९५६ या काळात डॉ. सांकळिया आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील त्यांचे सहकारी यांनी उत्खनन केले. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या वस्तीच्या थरांत त्यांना गारगोटीच्या जातीच्या दगडाची लहान, सरळ धारेची पाती मिळाली.

आता, ही पाती कशाची? एकटे पाते काही बोलत नाही. त्याचे शेजारी बोलतात. सुताराच्या अंगणातील ढलप्या पाहून येथे लाकूड तासले गेले हे आपण ओळखतो ना? तसेच हे. पात्यांबरोबर पाती काढून उरलेला दगडाचा गाभा आणि टवके सापडले, की कारागिराची रीत उलगडते. तो आधी दगडाच्या एका अंगाला बारीक टवके काढून कंगोरा तयार करी. त्या कंगोऱ्यावरून पहिले पाते निघाले, की मागोमाग सरळ कडांची पाती निघत. अशी पाती लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत ओळीने बसविली, की झाला विळा!

तुम्ही म्हणाल, त्या लोकांना तांबे माहीत नव्हते काय? होते की. संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या आहेत. पण तांबे दुर्मीळ, आणि गारगोटी नदीत हवी तेवढी. म्हणून रोजच्या कामाला दगडच असे.

एकदा माझ्या एका विद्यार्थ्याने पिशवीभर असे दगड आणले. त्यांत सुरेख पाती होती, गाभाही होता. मी विचारले, "कोठे मिळाले?" तो म्हणाला, "काही शेतात, काही ओढ्यात. आता कोणते कुठले ते सांगता येत नाही, सर." मुलाची हौस मोठी, पण त्या दगडांची अर्धी कहाणी त्या पिशवीतच हरवली. दोष त्याचा नव्हे. हे त्याला आम्हीच शिकवावयास हवे होते.

म्हणून शिक्षकबंधूंनो, शेतकरी मित्रांनो, नांगरताना असे काही दिसले तर ते घासू नका, आणखी उकरूही नका. गाव, शेत आणि जागा कागदावर लिहून ठेवा आणि तहसील कचेरीत किंवा पुरातत्त्व खात्याला कळवा. आणि एक गोष्ट आजच करा. गावातल्या म्हाताऱ्या सुताराकडे, लोहाराकडे मुलांना घेऊन जा. त्यांच्या प्रत्येक हत्याराचे नाव आणि काम वहीत उतरवून घ्या. दगडाच्या पात्याचे नाव सांगणारा आज कोणी उरला नाही; या हत्यारांची नावे सांगणारे अजून आपल्यात आहेत.