झिजलेलं स्टिअरिंग काय सांगतं?

आजचा विषय माझ्या टेबलाला क्लॅम्पने आवळून ठेवलेला आहे. दिल्लीत मुनिरका गावात तिसऱ्या मजल्यावर माझी भाड्याची खोली आहे, आणि तिथे एक जुनं रेसिंग स्टिअरिंग आहे. शहर सोडून निघालेल्या एका विद्यार्थ्याकडून मी ते विकत घेतलं. त्याचं कातडं डावीकडे अगदी गुळगुळीत झालंय, उजवीकडे त्या मानाने कमी. म्हणजे आधीच्या मालकाचा उजवा हात बराच वेळ गिअरच्या दांड्यावर असणार. त्या मुलाला मी जेमतेम दहा मिनिटं भेटलो असेन, पण त्याची सवय मला माहीत आहे.

गेममधली गाडी सरळ रस्त्यावर पळत असली की हे स्टिअरिंग टकटक करतं. पहिल्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरचे अंकल वर आले. म्हणाले, "बेटा, रात को सिलाई मशीन चलाते हो क्या?" त्या टकटकीचं मूळ शोधता शोधता मी सत्तर वर्षं मागे गेलो.

फोर्स फीडबॅक म्हणजे काय? आपण स्टिअरिंग फिरवतो, आणि स्टिअरिंग उलट आपल्या हाताला ओढतं. टायर घसरले की ते हलकं पडतं, खड्डा आला की हिसका देतं. या कल्पनेचा जन्म खेळण्यात झालेला नाही. अमेरिकेत शिकागोजवळच्या अरगॉन प्रयोगशाळेत रे गोएर्ट्झ नावाच्या अभियंत्याने 1950 च्या दशकात किरणोत्सारी वस्तू दुरून हाताळणारे यांत्रिक हात बनवले. भिंतीपलीकडच्या चिमट्याने वस्तू किती घट्ट धरली आहे, हे अलीकडच्या माणसाच्या हाताला कळणं गरजेचं होतं. नाहीतर काचेची कुपी फुटायची. आपल्याकडे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही असे, जोर परत पोचवणारे यांत्रिक हात तयार झाले आहेत.

पुढे 1989 मध्ये अटारीचं 'हार्ड ड्रायव्हिन' हे आर्केड यंत्र आलं. त्यात क्लच होता, गिअर होते आणि हाताला ओढणारं स्टिअरिंगही होतं. घरातल्या कॉम्प्युटरपर्यंत ही गंमत पोचायला आणखी नऊएक वर्षं लागली. मायक्रोसॉफ्टचं साइडवाइंडर फोर्स फीडबॅक व्हील 1998 चं.

घरगुती स्टिअरिंग स्वस्त हवं, म्हणून मोटर छोटी. छोटी मोटर वेगाने फिरते, पण तिच्यात जोर कमी. मग तो जोर वाढवायला मधे दातेरी चाकं घातली. झीज सुरू झाली ती इथून. दातांमधली फट वाढते, मेकॅनिकच्या भाषेत 'प्ले' येतो. गाडी सरळ जात असताना स्टिअरिंग मध्यावर सतत डावी-उजवीकडे थरथरतं, त्यामुळे मधलेच दात सगळ्यात जास्त मार खातात. माझी टकटक हीच.

बाकीची झीज तुमच्या घरातही आहे. मिक्सरचे कार्बन संपतात, तसेच या मोटरचेही संपतात. जुन्या रेडिओचा आवाजाचा खटका फिरवला की खरखर यायची, आठवतं? तोच प्रकार पेडलमध्ये होतो. आतला पोटेन्शिओमीटर घासला जातो, धूळ बसते, आणि पाय स्थिर असूनही गाडी मधेच ब्रेक मारते.

कंपन्यांनी यावर उपाय काढले. लॉजिटेकच्या 2006 च्या जी25 नंतर 2010 च्या सुमारास जी27 आलं. त्यात तिरक्या दातांची चाकं होती, आवाज कमी झाला. थ्रस्टमास्टरने दातांऐवजी पट्टे वापरले. टकटक थांबली, पण पिठाच्या गिरणीचा पट्टा जसा कालांतराने सैल पडतो, तसं तिथेही होऊ शकतं. मग काही हौशी लोकांनी कारखान्यातल्या यंत्रांच्या सर्वो मोटरी आणल्या आणि स्टिअरिंग थेट मोटरच्या दांड्यावरच बसवलं. हीच डायरेक्ट ड्राइव्ह. दात नाहीत, पट्टा नाही, कार्बनही नाहीत. फॅनाटेकच्या 2021 च्या सीएसएल डीडीमुळे ती पद्धत त्या मानाने स्वस्त झाली.

मग झीज संपली का? नाही, तिने जागा बदलली. हिशोब करू. जुन्या गिअरवाल्या स्टिअरिंगचा जोर साधारण 2 न्यूटन-मीटर. चाकाची त्रिज्या 14 सेंटीमीटर धरली, तर हाताला दीड किलोचा भार जाणवतो. 8 न्यूटन-मीटरला सहा किलो, 20 ला साडेचौदा किलो. एवढा जोर आला की टेबल हलतं, क्लॅम्प सुटतो, मनगट आणि अंगठा दुखावतो. आता यंत्राऐवजी माणूस झिजतो.

माझ्या स्टिअरिंगचा मध्य सरकायला लागला, तेव्हा मॅजेंटा लाइनने मुनिरकाहून नेहरू एन्क्लेव्हला उतरलो आणि नेहरू प्लेसला गेलो. एका दुरुस्तीवाल्याने ते पाच मिनिटांत उघडलं. मोटरच्या दांड्यावरची प्लास्टिकची इवलीशी कडी तडकली होती आणि जागेवरच घसरत होती. कडी चिकटवली, दातांना ग्रीस लावलं, झालं. झिजणारी वस्तू उघडता येत असेल, तर ती दुसऱ्या हाती जाते, तिसऱ्या हाती जाते. माझ्यासारख्याकडे हा छंद पोचला तो अशानेच.

रात्री मी कुठे गाडी चालवतो? ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर. तिथे पहिली फॉर्म्युला वन शर्यत 30 ऑक्टोबर 2011 ला झाली. पण कोडमास्टर्सचा 'एफ1 2011' हा गेम सप्टेंबरमध्येच बाजारात आला होता. म्हणजे व्हेटेल तिथे जिंकण्याआधी कुणीही घरबसल्या त्या 16 वळणांवरून जाऊ शकत होता. व्हेटेलने तिन्ही वर्षं जिंकली, आणि 2013 नंतर फॉर्म्युला वन तिथून गेली. त्या गाड्या आता तिथे पळतात त्या फक्त अशा गेममध्ये. दहाव्या-अकराव्या क्रमांकाचं ते लांबलचक उजवं वळण आलं की माझं जुनं स्टिअरिंग काही सेकंद हाताला ताणून धरतं. तेवढ्या वेळात टकटकही थांबते, कारण दात एकाच बाजूला दाबलेले असतात.

तुम्ही जुनं स्टिअरिंग घेणार असाल तर तीन गोष्टी बघा. मध्यावर हलवून प्ले किती आहे ते. पेडल सावकाश दाबून पडद्यावरची रेघ उडते का ते. आणि खालचे स्क्रू सहज उघडतात का ते. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची.

अंकलना आता टकटक ऐकू येत नाही. टेबलाखाली जुनी सतरंजी घडी करून घातली आहे. भेटू पुढच्या भागात.