स्मृती की सति?

चिखल्यासारख्या मँगनीज-खाणीच्या गावात अर्धांगवायूने हात लुळा पडला, की माणसाला छळते ती कालच्या धडधाकट हाताची स्मृती आणि पुढच्या झटक्याची धास्ती. मराठीत 'स्मृती' म्हणजे आठवण. त्याच शब्दाचे पाली रूप 'सति' मात्र चालू क्षणाचे भान सांगते. गोव्यात जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींनी (१८७६–१९४७) देवनागरीत संपादिलेल्या 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथात (१९४०) श्वासावरील या भानाचे विवेचन आहे. १९७६ पासून इगतपुरीत सत्यनारायण गोएंका यांनी त्याचा अभ्यास शिकवला. १९७९ मध्ये अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी तशीच साधना रुग्णालयात नेली. औषध व व्यायामाची जागा ती घेत नाही. आजचा हात आजच्या नजरेने पाहायला शिकवते. आपल्या भाषेने गमावलेला अर्थ असा रुग्णाच्या उशाशी परततो, हे आपण अभ्यासकांनी ध्यानात घ्यावे.