राखीव बाकावरचा इतिहास

आपल्या धर्मग्रामांच्या शाळांतून पटांगणाच्या दोन टोकांना बास्केटबॉलचे दोन खांब बहुधा उभे असतात. जाळ्या फाटलेल्या असोत वा नसोत, सायंकाळी पाच मुले एका बाजूने व पाच दुसऱ्या बाजूने धावत असतात आणि कडेच्या कट्ट्यावर तीनचार जण आपली पाळी येण्याची वाट पाहत बसलेले असतात. गुरुविद्यालयात असताना आम्ही त्या कट्ट्यावरच अधिक बसलो, हे प्रारंभीच कबूल केलेले बरे. म्हणूनच की काय, या खेळाचा इतिहास वाचताना आमचे लक्ष टोपलीत चेंडू टाकणाऱ्यापेक्षा बाकावर बसलेल्याकडे आधी जाते. संघ कसा घडतो, या प्रश्नाचे उत्तर आम्हांस तेथेच सापडेल असे वाटते.

हा खेळ डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, स्प्रिंगफिल्ड येथे जन्मास आला. त्याचे जनक जेम्स नेस्मिथ हे धर्मशास्त्राचे शिक्षण घेतलेले गृहस्थ. वर्गातील अठरा तरुणांना हिवाळ्यात छपराखाली दमवण्यासाठी त्यांनी पीचच्या फळांच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या, एवढे पुढे जगभर पसरेल याची त्यांना कल्पना नसावी. पुढे ते कॅन्सस विद्यापीठात गेले व तेथील संघ त्यांनी सांभाळला. पण हा खेळ शिकवायचा नसतो, नुसता खेळायचा असतो, अशीच त्यांची धारणा होती. त्यांच्या नावावर तेथे ५५ विजय व ६० पराभव लागले. महाविद्यालयांचे प्रशिक्षक सरावाला एक शास्त्र मानू लागले ते पुढच्या पिढीत. इंडियाना राज्यातील पर्ड्यू विद्यापीठाचे वॉर्ड लॅम्बर्ट हे त्यांतले एक. वेग, दमसास आणि मूलभूत कौशल्यांची अखंड उजळणी या तीन गोष्टींवर त्यांचा भर असे. त्यांच्या हाताखाली १९३२ पर्यंत एक शेतकऱ्याचा मुलगा खेळला. त्याचे नाव जॉन वुडन.

वुडन यांचा जन्म १९१० चा. पदवीनंतर अकरा वर्षे ते शाळेत इंग्रजी शिकवीत होते व त्याच जोडीने मुलांचे संघ तयार करीत होते. ही गोष्ट आम्ही मुद्दाम नोंदवितो, कारण पुढील आयुष्यभर त्यांनी स्वतःला शिक्षकच म्हणवून घेतले आणि मैदान हा आपला वर्ग मानला. महायुद्धात नौदलाची सेवा करून परतल्यावर १९४६ साली ते टेरे हॉट येथील इंडियाना स्टेट अध्यापक महाविद्यालयात रुजू झाले.

तेथे १९४७ साली एक प्रसंग घडला. संघाने उत्तम खेळ केला म्हणून कॅन्सस सिटी येथे भरणाऱ्या लहान महाविद्यालयांच्या राष्ट्रीय स्पर्धेचे निमंत्रण आले. स्पर्धेचा नियम असा, की कृष्णवर्णीय खेळाडूंना तेथे मज्जाव. वुडन यांच्या संघात क्लॅरेन्स वॉकर नावाचा एक कृष्णवर्णीय तरुण होता. तो प्रमुख पाचांतला नव्हता, राखीव होता. त्याला घरी ठेवून गेले असते तरी संघाचे बळ फारसे उणावले नसते. वुडन यांनी निमंत्रणच नाकारले. पुढील वर्षी पुन्हा निमंत्रण आले, तेव्हा आयोजकांवर चोहोकडून दबाव येऊन तो नियम मोडीत निघाला. वॉकरला खेळण्याची मुभा मिळाली, परंतु संघाबरोबर त्याच उपाहारगृहात उतरण्याची नव्हे. जावे की न जावे, असा पेच पडला. शेवटी वॉकरच्या कुटुंबाच्या संमतीने तो गेला, आणि महाविद्यालयांच्या अशा राष्ट्रीय स्पर्धेत खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. अंतिम सामन्यात संघ हरला. वुडन यांच्या चरित्रातील अनेक विजयांपेक्षा आम्हांस हा पराभव मोठा वाटतो; मात्र अपमान कोणी सोसला, तर त्या तरुणाने, हेही विसरता येत नाही.

त्याच वर्षी वुडन कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत आले, जिला सारे जण यू.सी.एल.ए. म्हणतात. त्यांचा ओढा खरे तर मिनेसोटाकडे होता. पण हिमवादळाने तेथील दूरध्वनी ठरल्या वेळी आला नाही, आणि आला तोवर त्यांनी लॉस एंजेलिसला शब्द दिलेला होता. दिलेला शब्द त्यांनी मोडला नाही.

नव्या जागी त्यांना मिळाली ती एक जुनी, कोंदट व्यायामशाळा, तीही सामाईक. एकीकडे मल्ल कुस्ती खेळत, दुसरीकडे जिम्नॅस्ट कसरती करीत. खडूची भुकटी व धूळ यांनी जमीन निसरडी होई. सरावापूर्वी स्वतः वुडन मदतनीसांसह ती जमीन ओल्या फडक्याने पुसून काढीत. पुढे १९५५ मध्ये अग्निशमन अधिकाऱ्यांनी तेथील प्रेक्षकसंख्येवर मर्यादा घातली, तेव्हा मोठे सामने इतरत्र खेळावे लागले. १९६५ साली पॉली पॅव्हेलियन उभे राहीपर्यंत, म्हणजे तब्बल सतरा वर्षे, त्यांचा सराव याच जागेत चालला.

त्या सरावाचे वर्णन थोडे सविस्तर करू. सकाळी वुडन व त्यांचे सहायक सुमारे दोन तास बसून दुपारच्या दोन तासांची आखणी करीत. जेवढा सराव, तेवढीच तयारी! कोणता भाग किती मिनिटे, कोण कोणाबरोबर, चेंडू किती लागतील, ते कोठे ठेवायचे, हे सारे लहान लहान कार्डांवर उतरे. कार्डे खिशात व त्यांच्या नकला सहायकांजवळ असत. सराव संपल्यावर काय जमले, काय राहिले, याची नोंद होई आणि ती जपून ठेवली जाई; त्यामुळे गतवर्षी याच दिवशी आपण काय केले, हे त्यांना पाहता येई. बहुतेक भाग पाचदहा मिनिटांचे असत. मुलांना कंटाळा येण्याआधीच दुसरा भाग सुरू. ठरल्या वेळेला सराव सुरू होई आणि, जे आम्हांस विशेष कठीण वाटते, ठरल्या वेळेला संपे. चांगले चालले आहे म्हणून दहा मिनिटे वाढवणे नाही. (प्रवचनकारांनी हे वाक्य वाचून पुढे जावे.)

हंगामाचा पहिला दिवस मोज्यांनी सुरू होई. देशभरातून निवडून आलेल्या, साडेसहा-सात फुटांच्या तरुणांना हे प्रशिक्षक बाकावर बसवून मोजे कसे घालावेत ते दाखवीत. टाचेशी वा बोटांशी चुणी राहिली तर फोड येतो, फोड आला की सराव चुकतो. मुलांना प्रथम हसू येई. पण सामान्य वाटणारी गोष्ट नीट करणे हाच तेथला पहिला पाठ होता, आणि तो प्रमुख खेळाडूला व राखीव खेळाडूला सारखाच होता.

नियम थोडे. वेळेवर यायचे, अपशब्द उच्चारायचा नाही, सहकाऱ्यावर टीका करायची नाही. टीकेचे काम प्रशिक्षकाचे. आणखी एक साधी रीत होती. ज्याने टोपली केली त्याने, ज्याने चेंडू दिला त्याच्याकडे मान लववून वा बोट दाखवून पोच द्यायची. गुणफलकावर ज्याचे नाव येत नाही, त्याचे ऋण तेथल्या तेथे फेडण्याची ही युक्ती होती.

एवढे करूनही विजेतेपद लगेच आले असे नाही. १९५९-६० च्या हंगामात १४ विजय व १२ पराभव, अशी अवस्था होती. तेव्हा वुडन यांना तेथे बारा वर्षे झाली होती. आजच्या काळात कोणत्या संस्थेने त्यांना पुढे ठेवले असते, हा प्रश्नच आहे. पहिले राष्ट्रीय विजेतेपद आले ते सोळाव्या हंगामात, १९६४ साली. त्या संघातील प्रमुख पाचांपैकी एकही ६ फूट ५ इंचांहून उंच नव्हता. त्यांनी प्रतिस्पर्ध्याला संपूर्ण मैदानभर अडवण्याची पद्धत अवलंबिली. तीत एकाने कुचराई केली तर पाचही जण उघडे पडतात. ड्यूक विद्यापीठाविरुद्धच्या अंतिम सामन्यात पहिल्या अर्धात सुमारे अडीच मिनिटांत त्यांनी सलग १६ गुण केले व सामना ९८-८३ असा जिंकला. त्यांतले २६ गुण होते केनी वॉशिंग्टन यांचे, आणि ते उठून आले होते राखीव बाकावरून. हंगामात ३० सामने, ३० विजय.

त्यानंतरचे सारे प्रसिद्धच आहे. १९७५ पर्यंतच्या बारा वर्षांत दहा विजेतीपदे, त्यांतली १९६७ ते १९७३ ही सात सलग. १९७१ ते १९७४ या काळात सलग ८८ सामने अजिंक्य. या आकड्यांवर आम्ही रेंगाळणार नाही. आम्हांस १९७० सालचे एक सत्कारभोजन अधिक महत्त्वाचे वाटते. संघ सलग चौथ्यांदा विजयी होऊन आला होता. प्रथेप्रमाणे शेवटच्या वर्षाचे खेळाडू एकेक करून दोन शब्द बोलत होते. त्यांतील एक राखीव खेळाडू उभा राहिला आणि, आभार मानण्याऐवजी, भरसभेत म्हणाला की येथे प्रमुखांना एक न्याय व राखिवांना दुसरा न्याय आहे, आणि आमच्याशी कोणी बोलत नाही. सभा अवाक् झाली. वुडन दुखावले गेले.

वुडन यांची बाजू अशी, की सर्वांना सारखे वागवणे म्हणजे न्याय नव्हे. ज्याने जे कमावले ते त्याला द्यावे. तत्त्व म्हणून हे चुकीचे नाही. सामन्यात सातआठ जणांनाच खेळवायचे, उरलेल्यांनी सरावात त्यांना घडवायचे, ही त्यांची रीत होती आणि विजयाला ती पोषकही होती. परंतु रोज दोन तास दुसऱ्याला घडवण्यासाठी घाम गाळणाऱ्याला आपण कशासाठी आहोत हे कोणीतरी सांगावे लागते. मोज्यांची चुणी पाहणाऱ्या डोळ्यांना ही चुणी दिसली नव्हती. त्या तरुणाचे धाडस आम्हांस अनुचित वाटत नाही.

आणखी एक गोष्ट त्या डोळ्यांना दिसली नाही, किंवा पुरेशी दिसली नाही. सॅम गिल्बर्ट नावाचे एक धनिक बांधकाम व्यावसायिक खेळाडूंचे पाठीराखे म्हणून वावरत. डिसेंबर १९८१ मध्ये महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने यू.सी.एल.ए.वर दंडात्मक कारवाई केली व गिल्बर्ट यांच्याशी संबंध तोडण्यास सांगितले. ते प्रकरण वुडन निवृत्त झाल्यानंतरच्या वर्षांचे होते; पण लगेच पुढच्या वर्षी एका दैनिकाने केलेल्या शोधात, खेळाडूंना नियमबाह्य मदत वुडन यांच्या काळापासूनच होत होती, असे पुढे आले. आपली दृष्टी कदाचित फार अरुंद राहिली असावी, अशा आशयाचे वुडन यांनी नंतर म्हटले. व्यायामशाळेच्या दारापर्यंतची शिस्त त्यांनी मिनिटामिनिटाने आखली होती. दाराबाहेरचे कार्ड कोरे राहिले.

१९७४-७५ च्या हंगामात रोनाल्ड गॅलिमोर व रोलंड थार्प हे दोन मानसशास्त्रज्ञ सराव पाहावयास आले. तो वुडन यांचा शेवटचा हंगाम ठरणार आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी पंधरा सराव पाहिले आणि वुडन यांच्या २,३२६ शिक्षणकृती टिपल्या. त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश म्हणजे निव्वळ माहिती: काय करायचे, कसे करायचे, केव्हा करायचे. निव्वळ शाबासकी शेकडा सुमारे सात, निव्वळ नापसंतीही तेवढीच. चूक झाली की ते योग्य कृती करून दाखवीत, मग खेळाडूने केली तशी चुकीची, मग पुन्हा योग्य. हे सारे तीन ते पाच सेकंदांत. ज्याला चूक दाखवायची त्याच्या हातात त्याच क्षणी सुधारणाही ठेवायची. २००४ साली त्याच अभ्यासकांनी आपल्या कामाकडे पुन्हा वळून पाहिले, तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की त्यांनी मोजले ते दुपारचे शब्द; ते शब्द ज्या सकाळच्या आखणीतून येत, ती मोजावयाची राहून गेली होती.

आता शेवटचा राखीव खेळाडू. स्वेन नेटर यांचा जन्म हॉलंडचा. आई अमेरिकेला गेल्यावर काही वर्षे त्यांनी तेथील अनाथालयात काढली. ६ फूट ११ इंच उंचीचे हे तरुण १९७१ मध्ये यू.सी.एल.ए.त आले, तेव्हा त्यांच्याच जागी बिल वॉल्टन होते, त्या काळचे सर्वांत निष्णात महाविद्यालयीन खेळाडू. वुडन यांनी या वेळी आधीच स्पष्ट सांगितले होते: सामन्यात तुला फार संधी मिळणार नाही, पण रोज वॉल्टनविरुद्ध सराव करशील, त्यातून तू घडशील. सत्कारभोजनातील ते बोल या स्पष्टतेमागे होते की काय, हे सांगता येत नाही. आम्हांस मात्र तसे मानावेसे वाटते. नेटर दोन वर्षे सरावात वॉल्टनना भिडत राहिले. यू.सी.एल.ए.च्या एकाही सामन्यात ते प्रमुख पाचांत उतरले नाहीत, तरी १९७३ साली व्यावसायिक संघांच्या निवडीत पहिल्याच फेरीत त्यांची निवड झाली. १९७४ मध्ये अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशनचे ते सर्वोत्कृष्ट नवोदित खेळाडू ठरले, आणि १९७९-८० मध्ये एन.बी.ए.त परतीचे चेंडू झेलण्यात अव्वल आले.

वुडन ४ जून २०१० रोजी, शंभरी गाठण्यास चार महिने उरले असताना, निवर्तले. त्याआधी २००५ साली त्यांच्या शिकवण्याच्या पद्धतीवर एक पुस्तक निघाले होते. लेखक दोघे. एक, ते सराव मोजणारे गॅलिमोर. दुसरे स्वेन नेटर.