शेब वुली : किंकाळी कोणाची?

‘स्टार वॉर्स’ (१९७७) मध्ये गोळी लागून खोल दरीत कोसळणारा एक सैनिक विचित्र, चिरक्या आवाजात किंचाळतो. ती किंकाळी त्या चित्रपटाच्या सुमारे पाव शतक आधी मुद्रित झाली होती आणि बहुधा एका कंट्री गायकाची होती.

शेब वुली (१९२१–२००३) हा ओक्लाहोमातील एरिक गावाजवळ जन्मलेला गायक. ‘हाय नून’ (१९५२) मधील चार गुंडांपैकी एक तोच. १९५८ मध्ये परग्रहावरच्या प्राण्यावर रचलेले त्याचे ‘द पर्पल पीपल ईटर’ हे विनोदी गीत सहा आठवडे अमेरिकेत अग्रस्थानी राहिले. पुढच्याच वर्षी सीबीएस वाहिनीवर ‘रॉहाइड’ मालिका सुरू झाली. गुरांचे तांडे हाकणाऱ्यांचा वाटाड्या पीट नोलन ही भूमिका वुलीची. सोबतीला तरुण क्लिंट ईस्टवुड.

दूरचित्रवाणीने कीर्ती दिली, तसे एक गाणेही हिरावले. १९६२ मध्ये ‘डोन्ट गो निअर द इंडियन्स’ वुली गाणार होता. पण चित्रीकरणातून सवड होईना. ते रेक्स ॲलनने गायले आणि गाजवले. वुलीने चिडून बसण्याऐवजी त्याचे विडंबन केले, तेही ‘बेन कोल्डर’ या झिंगलेल्या गवयाच्या सोंगात! (नावातच थंडीवरची कोटी आहे.) १९६८ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनचा सर्वोत्कृष्ट विनोदवीराचा पुरस्कार मिळाला तो याच सोंगाला.

आता किंकाळीकडे. ‘डिस्टंट ड्रम्स’ (१९५१) मध्ये फ्लोरिडाच्या दलदलीत मगर एका सैनिकाला ओढून नेते. त्या प्रसंगासाठी मुद्रित केलेला आवाज वॉर्नर ब्रदर्सच्या संग्रहात पडून राहिला आणि पुढे अनेक चित्रपटांत वापरला गेला. १९५३ च्या एका चित्रपटातील विल्हेल्म नावाच्या सैनिकाच्या तोंडी तो आहे. त्यावरून ध्वनिसंयोजक बेन बर्टने त्याला ‘विल्हेल्म स्क्रीम’ म्हटले. हा आवाज वुलीचा, असे मानण्याचा मुख्य आधार एक साधा दफ्तरी कागद आहे : ‘डिस्टंट ड्रम्स’च्या पूरक ध्वनिमुद्रणासाठी बोलावलेल्या नटांची यादी. तीत वुलीचे नाव आहे. यादी उपस्थिती दाखवते, किंचाळले कोण हे नाही. वुलीच्या पत्नीने मात्र, पडद्यावर किंचाळण्यात आणि मरण्यात आपण पटाईत असल्याचे तो गमतीने सांगत असे, ही आठवण त्याच्या निधनानंतर सांगितली.

‘डिस्टंट ड्रम्स’मध्ये वुलीची एक छोटी भूमिकाही आहे. श्रेयनामावलीत तिचाही उल्लेख नाही.