दूती, कुंटीण आणि त्रिपुरीचा अमात्य
जबलपूरजवळचे तेवर हे गाव म्हणजे कलचुरींची राजधानी त्रिपुरी. वा. वि. मिराशी यांनी या राजवंशाचे कोरीव लेख १९५५ साली संपादून प्रसिद्ध केले. दहाव्या शतकात तेथील पहिल्या युवराजदेवाच्या आश्रयाने राजशेखराने ‘विद्धशालभंजिका’ ही नाटिका लिहिली.

तिच्यातील प्रणय आपोआप जुळत नाही. लाटनरेशाने पुत्र म्हणून मिरविलेल्या मृगांकावलीस अमात्य भागुरायण आपल्या राजाच्या प्रासादात आणवितो. कारण तिचा पती सार्वभौम होणार, असे भाकीत असते. राजाच्या दृष्टीने जे प्रेम, ती अमात्याची राजनीती. काम दूतीचेच, परंतु भागुरायण मुत्सद्दी ठरतो.

हा पक्षपात मराठी शब्दांतही मुरला आहे. पुल्लिंगी ‘दूत’ राजदूत, देवदूत, शांतिदूत अशा प्रतिष्ठित समासांत वावरतो. ‘दूती’ काव्यचर्चेपुरती उरली. आणि संस्कृत ‘कुट्टनी’पासून आलेली ‘कुंटीण’ शिवी झाली. ‘अमात्याने राजासाठी कन्या योजिली’ आणि ‘कुंटिणीने पोर फितविली’ या दोन वाक्यांत कृती एकच, निवाडे मात्र दोन.

नाट्यशास्त्रानेही नायकाचा दर्जा पाहूनच नावे दिली: राजाच्या प्रणयाची ‘नाटिका’, ब्राह्मण-वणिकाच्या प्रणयाचे ‘प्रकरण’. मराठीतील कुजबुजीचे ‘प्रकरण’ या शास्त्रातून आलेले नसेल. तरी तेही राजांच्या वाट्यास क्वचितच येते. शब्दाची बदनामी कृतीवरून नव्हे, कर्त्याच्या पायरीवरून ठरते.