शिदोरी आणि काला

मुलांचा डबा आनंदाचा कसा व्हावा, या प्रश्नाचे एक प्राचीन उत्तर भागवताच्या दशम स्कंधात आहे. बाराव्या अध्यायात गोपबालक शिदोरीची शिंकी घेऊन प्रातःकाळी वनात निघतात. एकमेकांची शिंकी चोरून दूर फेकतात आणि हसत परत देतात. तेराव्यात ते यमुनातीरी कृष्णाभोवती कमळाच्या पाकळ्यांसारखे बसतात. पाने, फुले, दगड हीच त्यांची ताटे. जो तो आपल्या शिदोरीची रुची इतरांस दाखवितो. पक्वान्नांचा थाट तेथे नाही. वर्णन आहे ते सहभोजनाचे.

हाच प्रसंग वारकऱ्यांनी काल्यात जतन केला. आषाढी पौर्णिमेस पंढरपूरनजीक गोपाळपुरी काला होतो. आपल्या देवळांतील उत्सवांची सांगताही अनेक ठिकाणी काल्यानेच होते. एकदा कालविल्यावर कोणाचे पोहे कोणते, हे ओळखता येत नाही.

२८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांत शिजविलेले भोजन देण्याचा आदेश दिला. मुलांच्या एका पंगतीची सोय झाली. परंतु घरी डबा भरताना ‘अमक्याच्या हातचे घेऊ नकोस’ असे जेथे मुलाच्या कानी सांगितले जाते, तेथे हा आदेश पोहोचत नाही. तेथे काल्याचा प्रसाद घेणाऱ्यांनीच पोहोचले पाहिजे.