सूत्र तुटलेली बाहुली : 'झपाटलेला' चित्रपटाच्या चिरस्थायी आकर्षणाची मीमांसा

निर्जीवात चैतन्य संचारावे आणि त्याने माणसाचे नियंत्रण झुगारून द्यावे, ही भयकथेतील एक मूलभूत कल्पना होय. मेरी शेलीच्या 1818 मधील 'फ्रँकेनस्टाईन' कादंबरीने तिला विज्ञानाचे अधिष्ठान दिले. जेम्स व्हेलच्या 1931 मधील चित्रपटाने तिला सर्वपरिचित चेहरा दिला. मराठी चित्रसृष्टीत या कल्पनेचा दीर्घकाळ टिकलेला आविष्कार म्हणजे महेश कोठारे दिग्दर्शित 'झपाटलेला' (1993). येथे प्रयोगशाळेचे स्थान मृत्युंजय मंत्राने घेतले आहे, एवढाच काय तो फरक.

कथेचा सांगाडा परकीय आहे, हे उघड आहे. मरणोन्मुख गुन्हेगाराचा आत्मा बाहुल्यात शिरतो व ज्याला तो प्रथम आपले रहस्य सांगतो, त्याच्याच देहात त्याला प्रवेश मिळू शकतो, ही योजना टॉम हॉलंडच्या 'चाइल्ड्स प्ले' (1988) या अमेरिकन चित्रपटातील आहे. परंतु उसनवारीने चित्रपटाचा उगम कळतो. त्याचे टिकून राहणे कळत नाही. त्याचा उलगडा बाहुलीविषयीच्या मराठी संस्कारात शोधावा लागतो.

शके 1212 मधील ज्ञानेश्वरीत सूत्राने हालणाऱ्या बाहुलीचा दृष्टांत येतो. तेथे बाहुली ही पराधीनतेची खूण आहे. कुडाळजवळच्या पिंगुळी येथील ठाकर समाजाने जतन केलेल्या कळसूत्री खेळातही बाहुलीचा प्राण दोरीत आणि दोरी माणसाच्या हाती असते. विसाव्या शतकात य. के. पाध्ये यांनी शब्दभ्रमकला रुजविली, तेव्हा दोरी गेली आणि तिच्या जागी आवाज आला. त्यांचा अर्धवटराव उद्धटपणे बोले. पण बोलविता धनी शेजारीच बसलेला असल्याने प्रेक्षक निर्धास्तपणे हसत असे.

'झपाटलेला'ने हा निर्धास्तपणाच हिरावून घेतला. लक्ष्मीकांत बेर्डे यांनी रंगविलेला लक्ष्या हा बोलक्या बाहुल्यांचा वेडा. ज्याने सूत्रधार व्हायचे, तोच येथे बाहुल्याचे भक्ष्य ठरतो. आणि बाहुला स्वतःहून बोलतो हे त्याचे सांगणे कोणास खरे वाटत नाही. शब्दभ्रमाच्या कलेवरील लोकांचा विश्वासच त्याच्या मुळावर येतो. विनोदामुळे भय सौम्य झाले, असा आक्षेप घेतला जातो. वस्तुतः ज्या बाहुल्याला हसण्याची सवय जडली होती, तोच मारावयास उठला, म्हणून ते भय मराठी प्रेक्षकाला परके वाटले नाही.

या परंपरेचा धागा प्रत्यक्ष चित्रनिर्मितीतही अखंड होता. तात्या विंचूचा बाहुला य. के. पाध्ये यांचे पुत्र रामदास पाध्ये यांनी घडविला. त्याला आवाज मिळाला तो दिलीप प्रभावळकर यांचा. बेर्डे 2004 मध्ये निवर्तले. पुढे 2013 मध्ये कोठारे यांनी त्रिमितीय तंत्राने दुसरा भाग काढला, तेव्हाही प्रेक्षकांना ओळखीचा तात्या विंचूच हवा होता.

चित्रपटाचा इतिहास बहुधा दिग्दर्शक व नट यांच्या नावांनी लिहिला जातो. पडद्यावर तात्या विंचूचे सूत्र तुटलेले दिसले, ते पडद्यामागील हात निष्णात होते म्हणून. त्या हातांची नोंद न घेणारा इतिहास, बाहुली आपणहून नाचते असे मानणाऱ्या भाबड्या प्रेक्षकाहून फारसा निराळा ठरणार नाही.